माशाच्या डोळ्याची तुटलेली नस पुन्हा कशी जुळते?

काचबिंदू हाताबाहेर गेलेल्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, "नस सुकली आहे. जेवढी गेली तेवढी गेली, उरलेली आपण सांभाळू." घरच्यांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: मग डोळा बदलता येत नाही का? नेत्रदान करतात ना लोक? पण नेत्रदानातून ज्यांना दृष्टी मिळते, त्यांना डोळ्याचा अगदी पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, बसवलेला असतो. अख्खा डोळा बसवण्याचा प्रयोगही झाला आहे. मे 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात एका माणसाला चेहऱ्याच्या काही भागासोबत दात्याचा पूर्ण डोळा बसवला गेला. डोळा जगला, त्यात रक्त खेळू लागलं. दिसलं मात्र नाही. अडलं ते नसेपाशी.

हीच नस माशाची तुटली तर काही आठवड्यांत त्याला पुन्हा दिसू लागतं. औषध नाही, टाका नाही. शोभेच्या टाकीतला गोल्डफिश आणि बोटाच्या दोन पेरांएवढाही नसलेला झेब्राफिश, या दोघांवर हे इतक्या वेळा तपासलं गेलं आहे की त्याबद्दल शंका उरलेली नाही. मासा हे कसं करतो, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "नस परत वाढते" एवढ्यावर उरकलेलं दिसतं. ते उत्तर अपुरं आहे. वाढणं ही या कामाची सुरुवात आहे. दिसणं त्यानंतर येतं, टप्प्याटप्प्याने येतं, आणि त्यातला शेवटचा टप्पा मासा स्वतः बघून पुरा करतो.

आधी नस म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, पेशींचे थर असतात. त्यातल्या सर्वांत आतल्या थरात गँग्लियन पेशी असतात. पडद्यावर जे उमटलं त्याचा निरोप मेंदूकडे नेण्याचं काम त्यांचं. यातली प्रत्येक पेशी एक लांबलचक धागा काढते, त्याला अक्षतंतू म्हणतात. असे सगळे तंतू एकत्र येऊन डोळ्यातून मागे निघतात, ती नस. माणसाच्या एका डोळ्याच्या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. माशात हे तंतू मेंदूच्या टेक्टम नावाच्या भागात जाऊन पोचतात, तेही पूर्ण अदलाबदल करून: उजव्या डोळ्याचे सगळे डाव्या टेक्टमवर, डाव्याचे सगळे उजव्यावर.

म्हणजे नस तुटली की लाखो पेशी मधोमध तुटतात. मेंदूच्या बाजूचा तुकडा माशातही मरतो आणि माणसातही. फरक पडतो तो डोळ्यात उरलेल्या अर्ध्या पेशीचं पुढे काय होतं यात.

उंदराच्या जातीत, म्हणजे मोठ्या रॅटमध्ये, डोळ्याच्या जवळ नस कापली तर दोन आठवड्यांत ऐंशी-नव्वद टक्के गँग्लियन पेशी मरून जातात. तंतू तुटल्याची खबर पेशीपर्यंत पोचते आणि पेशी स्वतःला संपवण्याची यंत्रणा सुरू करते. माशात बहुसंख्य पेशी जगतात. जगतात म्हणजे नुसत्या तग धरून राहत नाहीत, कामाला लागतात.

हे काम डोळ्यांना दिसेल असं दाखवून दिलं ते बर्निस ग्राफस्टाइन यांनी. त्यांनी गोल्डफिशच्या डोळ्यात किरणोत्सारी अमिनो आम्ल टोचलं. पेशी ते आम्ल उचलते, त्यापासून प्रथिनं बनवते आणि तंतूतून मेंदूकडे रवाना करते. ठरावीक वेळाने टेक्टममध्ये किती किरणोत्सार आला ते मोजलं की कुठला माल किती वेगाने निघाला आणि कधी पोचला हे कळतं. 1967 साली याच पद्धतीने त्यांनी तंतूतल्या वाहतुकीचा एक जलद आणि एक संथ प्रवाह दाखवला. मग नस तुटलेल्या माशांकडे पाहिलं, तर पेशींचं रूपच बदललेलं. पेशी फुगलेली, केंद्रकातली न्यूक्लिओलस मोठी झालेली, प्रथिनांचं उत्पादन वाढलेलं. आणि तंतू टेक्टमशी पुन्हा जुळले की पेशी परत मूळ आकारावर. काम झाल्याचा निरोप डोळ्यातल्या पेशीला मेंदूकडून मिळतो, असा याचा अर्थ.

या काळात पेशी जी खास प्रथिनं बनवते, त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे जीएपी-43. 1981 च्या सुमारास भेक आणि गोल्डफिश यांच्या वाढत्या नसेत ते सापडलं. वाढणाऱ्या तंतूच्या टोकाशी ते साचतं. नसेची वाढ कुठवर आली हे पाहायचं असेल तर संशोधक आजही याचं प्रमाण मोजतात.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गँग्लियन पेशीला मेंदूकडे जाणारा एक लांब तंतू असतो, तशा दृष्टिपटलाच्या आत पसरलेल्या आखूड फांद्याही असतात. शेजारच्या पेशींकडून ती निरोप घेते ते या फांद्यांवर. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की नस चिरडल्यावर झेब्राफिशच्या पेशी आधी या फांद्या आखडून घेतात. मग लांब तंतू वाढतो. तो मेंदूत पोचल्यावर फांद्या पुन्हा पसरतात. फांद्या आखडण्याला औषधाने अडथळा आणला तर तंतूची वाढही मंदावली. पेशीकडची शक्ती मर्यादित असते आणि ती एका वेळी एकाच बाजूला लागते, असं संशोधकांना वाटतं. म्हणजे मधल्या काही दिवसांत ही पेशी मेंदूला काही सांगतही नसते आणि पडद्याकडून नीट काही ऐकतही नसते. मासा तेव्हा त्या डोळ्याने पूर्ण आंधळा असतो आणि नेमकी तेव्हाच दुरुस्ती जोरात चाललेली असते.

वाट मोकळी हवी

पेशी तयार असली तरी वाट बंद असेल तर उपयोग काय? तंतूंवर मायलिन नावाचं मेदाचं वेष्टण असतं. नस तुटली की मेंदूकडच्या तुकड्याचं हे वेष्टण कचरा होऊन पडतं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत हा कचरा महिनोन् महिने तसाच राहतो, आणि त्यात नोगोसारखी प्रथिनं असतात जी वाढत्या तंतूला जागीच रोखतात. माशात सफाई करणाऱ्या पेशी तो लवकर उचलतात. शिवाय माशाच्या नोगोमध्ये रोखणारा एक मोठा भाग मुळातच नाही.

यावर जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात क्लाउडिया श्ट्युर्मर आणि सहकाऱ्यांनी 1991 च्या सुमारास केलेला प्रयोग साधा आणि चोख आहे. मायलिन बनवणाऱ्या पेशी त्यांनी काचेच्या ताटलीत वाढवल्या, माशाच्या वेगळ्या आणि रॅटच्या वेगळ्या. मग त्यांवर वाढते तंतू सोडले. गोल्डफिशचा तंतू, जो माशाच्या शरीरात बिनदिक्कत वाढतो, तो रॅटच्या पेशीला टेकल्यावर अडला. उलट रॅटचा तंतू माशाच्या पेशींवरून पुढे गेला. मासा असणं पुरेसं नाही, जमीनही माशाची लागते.

दुसऱ्या बाजूने हेच आल्बर्ट अग्वायो यांच्या माँट्रियलमधल्या गटाने दाखवलं होतं. रॅटच्या दृष्टिपटलात त्यांनी पायातल्या नसेच्या तुकड्याचं एक टोक बसवलं. हातापायांच्या नसा सस्तन प्राण्यांतही वाढू शकतात, त्यांच्यातलं वातावरण वाढीला पोषक असतं. 1985 साली दिसलं की डोळ्यातल्या काही गँग्लियन पेशींचे तंतू या तुकड्यातून लांबवर वाढत गेले. थोडेच, पण गेले. आपल्यासारख्या प्राण्यांच्या पेशींत ही क्षमता शून्य नाही हे तिथे पहिल्यांदा ठामपणे दिसलं.

पोचायचं कुठे, हे कोण सांगतं?

आता खरा अवघड भाग. टेक्टमवर दृष्टिपटलाचा नकाशा उतरलेला असतो. पडद्यावर शेजारी असलेल्या पेशींचे तंतू टेक्टमवरही शेजारी उतरतात. पडद्याची नाकाकडची बाजू टेक्टमच्या मागच्या टोकाला, कानशिलाकडची बाजू पुढच्या टोकाला, असं ठरलेलं असतं. हजारो तंतू भलतीकडे जाऊन जुळले तर प्रकाश आल्याचं कळेल, पण काय कुठे आहे ते कळणार नाही.

रॉजर स्पेरी या अमेरिकन संशोधकाने 1940 च्या दशकात याचा छडा लावायला घेतला. न्यूट नावाचा, दिसायला पालीसारखा उभयचर प्राणी असतो. त्याचीही नस परत वाढते. स्पेरी यांनी त्याची नस कापली आणि डोळा खोबणीतच अर्धा वळसा फिरवून बसवला, वरचा भाग खाली. नस वाढली, दृष्टी आली, आणि न्यूट उलटं बघू लागला. भक्ष्य वर धरलं तर तो खाली झेपावे, पुढे धरलं तर मागे. महिने गेले तरी त्यात सुधारणा झाली नाही. अनुभवातून शिकून नवी जुळणी होत असती तर ही चूक सुधारली असती. ती सुधारली नाही, कारण प्रत्येक तंतू आपल्या जुन्या जागीच परत गेला होता. डोळा फिरवलेला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

1963 साली डोमेनिका अत्तार्दी आणि स्पेरी यांनी गोल्डफिशवर तेच वेगळ्या रीतीने दाखवलं. दृष्टिपटलाचा अर्धा भाग काढून टाकला, नस कापली, आणि उरलेल्या अर्ध्याचे तंतू कुठे जातात ते पाहिलं. मोकळं पडलेलं टेक्टम ओलांडून ते आपापल्या मूळ भागातच गेले. यावरून स्पेरी यांनी मांडलं की तंतूंवर आणि टेक्टमच्या पेशींवर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत, आणि त्या जुळल्या की जोड बसते. या खुणा प्रत्यक्ष हाती लागायला आणखी तीस वर्षं गेली. 1995 साली जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एफ्रिन कुळातली प्रथिनं ओळखली. टेक्टमच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडे त्यांचं प्रमाण वाढत जातं, आणि दृष्टिपटलाच्या कुठल्या भागातून आलेला तंतू त्यांना किती बिचकतो हे त्या तंतूवरच्या ग्राहकांवर, म्हणजे ही प्रथिनं ओळखणाऱ्या रेणूंवर, ठरतं. कुणी पुढच्या भागातच थांबतो, कुणी मागच्या टोकापर्यंत जातो.

पण ही खूण दगडावरची रेघ नाही. 1970 साली गेझ आणि शर्मा यांनी गोल्डफिशचं अर्धं टेक्टम काढून टाकलं. कालांतराने अख्ख्या दृष्टिपटलाचा नकाशा उरलेल्या अर्ध्या टेक्टमवर दाटीवाटीने, पण क्रम न मोडता, बसला. म्हणजे खुणा ठरवतात तो क्रम. कोणी किती जागा घ्यायची हे तंतू आपसात ठरवतात.

बघून बघून साफ होणारी नजर

इथवरचा भाग पाठ्यपुस्तकांत असतो. पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

रासायनिक खुणांवर पोचलेला तंतू साधारण बरोबर ठिकाणी असतो, नेमक्या नव्हे. सुरुवातीला तो हव्या त्याहून बऱ्याच मोठ्या परिसरात फांद्या टाकतो. परिणामी टेक्टमवरच्या एकाच ठिकाणी पडद्याच्या बऱ्याच मोठ्या भागाचे निरोप येऊन गर्दी करतात. चित्र धूसर. त्यानंतर काही आठवडे छाटणी चालते आणि नकाशा बारीक होत जातो. ही छाटणी कशाच्या आधारावर होते?

1983 साली दोन स्वतंत्र कामांत गोल्डफिशच्या डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन टोचलं गेलं. हे फुग्या माशाचं विष. ते चेतापेशींचे विद्युत स्पंद बंद पाडतं, पेशी मात्र मारत नाही. तंतू वाढले, टेक्टमपर्यंत गेले, ढोबळ नकाशाही बनला. पण तो कधी बारीक झाला नाही. पुढे माशांना नस वाढण्याच्या काळात फक्त लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात ठेवून पाहिलं. त्यांच्या पेशी स्पंद देत होत्या, पण सगळ्या एकदम. तरीही नकाशा धूसरच राहिला.

कारण असं. रोजच्या उजेडात पोहणाऱ्या माशाच्या पडद्यावर शेजारशेजारच्या पेशींना जवळजवळ एकच दृश्य दिसतं, म्हणून त्या एकाच वेळी स्पंद देतात. लांबच्या पेशींचा ताल वेगळा असतो. दिंडीत नव्याने आलेला टाळकरी ज्यांच्याशी ठेका जुळतो त्यांच्यात मिसळून जातो, तसं टेक्टमवर होतं: शेजाऱ्यांच्या तालात असलेली फांदी पक्की होते, तालाबाहेरची मागे घेतली जाते. लुकलुकत्या दिव्यात सगळा पडदा एकाच तालात वाजतो, मग शेजारी कोण आणि लांबचा कोण हे ओळखायला काही उरतच नाही.

याचा परिणाम वागण्यात कसा दिसतो, हे जपानमधल्या कानाझावा विद्यापीठाच्या गटाने 2008 साली झेब्राफिशमध्ये शंभर दिवस पाठपुरावा करून नोंदवलं. त्यांनी माशांच्या दोन कामांवर नजर ठेवली. एक सोपं: भोवती काळे-पांढरे उभे पट्टे सरकत असतील तर ते ज्या दिशेने सरकतात त्याच दिशेने मासा पोहत जातो. नदीच्या प्रवाहात वाहून न जाता जागा धरून राहण्यासाठी माशाला हे उपयोगी पडतं, आणि यासाठी नजर फार बारीक असावी लागत नाही. दुसरं अवघड: सोबतच्या माशाला नजरेत धरून त्याच्या मागोमाग पोहणं. नस कापल्यावर पट्ट्यांमागे पोहणं वीस ते पंचवीस दिवसांत परत आलं. सोबत्याच्या मागे जाणं परत यायला ऐंशी ते शंभर दिवस लागले. वाढीशी निगडित जीएपी-43 चं सक्रिय रूपही पडद्यात दोनदा चढलेलं दिसलं: पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाराएक पट, आणि नंतर महिना-दोन महिन्यांच्या काळात चारपट, बराच काळ टिकलेलं. पहिला चढ तंतू मेंदूपर्यंत नेण्याच्या काळातला, दुसरा नकाशा बारीक करण्याच्या काळातला. तंतू पोचून कितीतरी आठवडे झाले तरी पेशीचं काम संपलेलं नसतं.

नुसतं पोचणं पुरत नाही याचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याने दिला आहे. सीटेनोफोरस ऑर्नेटस असं त्याचं शास्त्रीय नाव. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लिन बीझली आणि सहकाऱ्यांना दिसलं की या सरड्याची नस कापली तर ती परत वाढते, मेंदूपर्यंत जाते, पण नकाशा विस्कटलेला राहतो. त्या डोळ्याने सरडा आंधळाच. नंतर त्यांनी काही सरड्यांना नस वाढत असताना त्याच डोळ्याने भक्ष्य टिपण्याचा सराव दिला. सराव झालेल्यांचा नकाशा अधिक नीट लागला आणि त्यांतले काही त्या डोळ्याने भक्ष्य पकडू लागले. म्हणून "नस वाढवण्यात यश" अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, त्या प्राण्याला त्यानंतर काय करता आलं?

माशालाच हे सगळं का जमतं? एक मोठं कारण असं की मासा आयुष्यभर वाढत राहतो, आणि त्याचा डोळाही. दृष्टिपटलाच्या कडेला नव्या पेशींची वर्तुळं भरत राहतात, त्यातून नव्या गँग्लियन पेशी निघतात, त्यांचे तंतू नसेतून मेंदूकडे जातात. टेक्टमही वाढतं, पण वर्तुळाने नव्हे, मागच्या कडेला चंद्रकोरीसारख्या पट्ट्यांनी. दोन्हींच्या वाढीचा आकार जुळत नाही. त्यामुळे नकाशा शाबूत ठेवायचा तर जुन्या तंतूंनाही आपली टोकं थोडी थोडी सरकवत राहावं लागतं. म्हणजे धडधाकट, कधी इजा न झालेल्या माशातही वाट दाखवणाऱ्या खुणा, मऊ जमीन आणि तालावरची छाटणी चालूच असते. आपल्यात हे काम जन्माच्या आसपास संपतं आणि यंत्रणा गुंडाळली जाते.

झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना त्याची नोंद केली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या माशाच्या मणक्यांमधल्या चकत्या कशा भरून येतात यावर काम होतं, आणि मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत त्याच्या दृष्टिपटलातल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी कशा तयार होतात यावर. हा दुसरा विषय नसेच्या दुरुस्तीला लागून असला तरी वेगळा आहे. तिथे पेशी नव्याने जन्मतात, इथे जुनीच पेशी तुटलेला हात पुन्हा वाढवते.

सस्तन प्राण्यांत यातलं काय जमलं आहे? 2008 साली झिगांग हे यांच्या गटाने उंदराच्या गँग्लियन पेशींतलं पीटेन हे जनुक काढून टाकलं. वाढीला लगाम घालणारं जनुक ते. लगाम सुटल्यावर जास्त पेशी जगल्या आणि तंतू चिरडलेल्या जागेच्या पुढे वाढले. 2016 साली त्याच गटाने वेगळ्या उपायांनी तंतू मेंदूपर्यंत नेले, तिथे जोडही बसले, तरी उंदरांना दिसण्यात फरक पडेना. शोध घेतल्यावर कळलं की नव्या तंतूंवर मायलिन चढलेलं नाही, त्यामुळे स्पंद वाटेतच विरतात. माशात नव्या तंतूंवर मायलिन परत चढतं. 4-अमिनोपायरिडिन हे मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांना चालण्यासाठी दिलं जाणारं औषध तंतूंतली स्पंदांची वाहतूक सुधारतं. ते दिल्यावर या उंदरांची नजर काही प्रमाणात सुधारली.

त्याच वर्षी अँड्र्यू ह्युबरमन यांच्या गटाने माशाच्या आणखी जवळ जाणारी वाट घेतली. उंदराच्या एका डोळ्याची नस चिरडली, पेशींची वाढीची यंत्रणा जनुकीय उपायाने चेतवली, आणि मग चांगला डोळा शिवून बंद केला. समोरच्या स्क्रीनवर रोज सरकते काळे-पांढरे पट्टे दाखवले, जेणेकरून जखमी डोळ्यालाच बघावं लागेल. तीन आठवड्यांत काही तंतू मेंदूपर्यंत गेले, आणि वाटेतली चुकीची ठिकाणं सोडून आपापल्या ठिकाणी उतरले. दृष्टीच्या काही चाचण्यांत उंदीर उत्तीर्ण झाले, काहींत नाही. नुसते पट्टे दाखवून किंवा नुसती यंत्रणा चेतवून एवढं साधलं नव्हतं. माणसाच्या नसेवर यातलं काहीही उपचार म्हणून अजून आलेलं नाही. नसेत मोजके तंतू वाढवणं आणि दहा-बारा लाखांतले पुरेसे तंतू जागेवर नेणं यात मोठं अंतर आहे, आणि माणसाची नस उंदराच्या नसेपेक्षा कितीतरी लांबही आहे.